चिपमध्ये विजेने पेशी उघडायच्या तर इलेक्ट्रोड पेशींपासून लांब ठेवा

पेशीला विजेचा झटका देऊन तिच्या पटलात क्षणभर छिद्रं पाडायची आणि त्यातून डीएनए किंवा रंग आत घालायचा, असा हा प्रयोग. प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांकडून पीडीएमएस या पारदर्शक सिलिकोन रबराची, आत बारीक वाहिनी (चॅनेल) असलेली चिप करून घेतली. चॅनेल १ सेंटिमीटर लांब, २०० मायक्रॉन रुंद, ५० मायक्रॉन उंच, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना समोरासमोर धातूच्या पट्ट्या. त्यांनी लिहिलंय, "इलेक्ट्रोडमधलं अंतर कमी असलं की कमी व्होल्टेज पुरतं असं वाचलं होतं. म्हणून पीबीएसमध्ये (पेशींसाठीच्या खाऱ्या पाण्यात) एचईके (माणसाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या) पेशी सोडून २० व्होल्ट डीसी दिला. क्षणात सगळं चॅनेल बुडबुड्यांनी भरलं आणि ज्या पेशी हाती लागल्या त्या मेलेल्या. आमचं काय चुकलं? आणि कॉलेजच्या सामानात हे जमण्यासारखं आहे का?"

मॅडम, तुमचं गणित चुकलेलं नाही. २०० मायक्रॉनवर २० व्होल्ट म्हणजे सेंटिमीटरला १ किलोव्होल्ट, आणि एचईकेसारख्या पेशीला साधारण तेवढंच विद्युतक्षेत्र लागतं. चुकली ती इलेक्ट्रोडची जागा. मीही सुरुवातीला नेमकं हेच केलं होतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी पेशीकडे बघू. पेशीचं पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं आणि विजेला जवळजवळ बंद. आत-बाहेर खारं पाणी, म्हणजे वाहक. बाहेरून क्षेत्र लावलं की आयन दोन्हीकडून पटलाशी येऊन थडकतात आणि सगळा ताण त्या ५ नॅनोमीटरवर येतो. पटलावर साधारण अर्धा ते एक व्होल्ट पडला की त्यात पाणी भरलेली बारीक छिद्रं पडतात. एक व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटतो, पण ५ नॅनोमीटरवर एक व्होल्ट म्हणजे मीटरला २० कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला मीटरला ३० लाख पुरतात.

आता पटलावर किती पडतो, याचा हिशोब. दीड गुणिले क्षेत्र गुणिले पेशीची त्रिज्या. हा आकडा विजेच्या दिशेला तोंड करून असलेल्या दोन टोकांवरचा. मधल्या कमरपट्ट्यावर काहीच पडत नाही. नाशिककरांना समजावताना मी पुराचं उदाहरण देते. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे बातमीत येतं, पण रामकुंडावर उभा असलेला माणूस विचारतो की दुतोंड्या मारुतीच्या (गोदाकाठच्या या मूर्तीवरून नाशिककर पुराची उंची ओळखतात) कुठवर पाणी आलं. पॉवर पॅकवरचा (वीज पुरवणाऱ्या पेटीवरचा) आकडा म्हणजे क्युसेक. पेशीला कळतो तो मारुती. दोन्हींच्या मध्ये नदीचं पात्र आहे, म्हणजे तुमचं चॅनेल, आणि खरं काम तिथे होतं.

सूत्रात त्रिज्या आहे हे विद्यार्थी हमखास विसरतात. ७ मायक्रॉन त्रिज्येच्या एचईकेवर सेंटिमीटरला १ किलोव्होल्ट लावला तर टोकावर १ व्होल्टच्या थोडं वर पडतो. त्याच क्षेत्रात अडीच मायक्रॉन त्रिज्येच्या यीस्टवर ०.४ व्होल्टही पडत नाही, आणि अर्ध्या मायक्रॉनच्या ई. कोलायवर तर ०.१ पेक्षा कमी. म्हणूनच जिवाणूंच्या क्यूवेटला (इलेक्ट्रोड बसवलेल्या लहान कुपीला) सेंटिमीटरला १२ ते १८ किलोव्होल्ट द्यावे लागतात. उलट लासलगावचा लाल कांदा घ्या. त्याच्या सालीच्या पेशी इतक्या मोठ्या की काहीशे व्होल्ट प्रति सेंटिमीटरला फुटतात. द्राक्षाच्या बाबतीतही हाच हिशोब. आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेने २०२० मध्ये द्राक्षांवर विद्युत पल्स, म्हणजे विजेचे क्षणिक झटके, वापरायला मान्यता दिली. रंग आणि टॅनिन लवकर सुटावेत म्हणून सालीच्या पेशी उघडतात, त्याला सेंटिमीटरला काही किलोव्होल्ट पुरतात, आणि तेवढ्यात यीस्ट सहसा मरत नाही. आपल्या जिल्ह्यात इतक्या वायनरी असताना हे विद्यार्थ्यांना का सांगू नये?

विद्यार्थ्यांना एकदा डोळ्यांनी दाखवायचं असेल तर कांद्याचाच प्रयोग करा. लाल पापुद्र्याची बाहेरची त्वचा सोलून काचपट्टीवर थेंबभर पाण्यात ठेवायची, दोन बाजूंना १ सेंटिमीटर अंतरावर ॲल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे चौकोन रांगेत मांडल्यासारखे दिसतात. क्षेत्राचे पल्स दिले की रंग थांबून राहत नाही, एकेक चौकोन फिकट होत जातो आणि बाजूचं पाणी गुलाबी होतं. रंग पेशीतल्या रिक्तिकेत असतो, म्हणजे बाहेरचं आणि आतलं अशी दोन्ही पटलं उघडल्याशिवाय तो बाहेर येत नाही. पापुद्रा उघडा ठेवून हात मात्र लावू द्यायचा नाही, वर पेट्रीडिशचं झाकण ठेवायचं.

आता बुडबुड्यांकडे. इथे आकडे बघितल्याशिवाय पटत नाही. पीबीएसची वाहकता मीटरला दीड सीमेन्सच्या आसपास. तुमचे इलेक्ट्रोड १ सेंटिमीटर लांब आणि ५० मायक्रॉन उंच. सेंटिमीटरला १ किलोव्होल्टवर त्यातून कागदावर ७५ मिलिअँपिअर जायला हवेत. एवढ्या प्रवाहाने दर सेकंदाला सुमारे ९ मायक्रोलिटर हायड्रोजन सुटतो. तुमच्या अख्ख्या चॅनेलचं आकारमान ०.१ मायक्रोलिटर. म्हणजे सेकंदाला नव्वद वेळा चॅनेल भरेल इतका वायू, आणि दुसऱ्या इलेक्ट्रोडवरचा ऑक्सिजन वेगळाच. प्रत्यक्षात पहिला बुडबुडा आला की प्रवाह तुटतो, त्यामुळे इतकं होत नाही. पण बुडबुडा आला म्हणजे त्या ठिकाणी क्षेत्रही गेलं. शिवाय तेवढ्याच क्षेत्रात पीबीएसचं तापमान मिलिसेकंदाला साडेतीन अंशांनी चढतं. तुम्ही स्विच सेकंदभर जरी दाबून धरला असेल तर पेशी विजेने मेल्या की शिजल्या, हे सांगता येणार नाही.

तिसरा त्रास डोळ्यांना दिसत नाही. ऋण इलेक्ट्रोडपाशी पाणी अल्कधर्मी होतं आणि धन इलेक्ट्रोडपाशी आम्ल. हे बघायला महागडा रंग नको. मिठाच्या पाण्यात चिमूटभर हळद कालवा, दोन तारा बुडवा, ९ व्होल्टची बॅटरी लावा. ऋण तारेभोवती हळदीचं कुंकू होताना दिसेल. हळदीला चुना लावून कुंकू करतात तीच ही रसायनशास्त्राची गोष्ट. तुमच्या चॅनेलमध्ये पेशी त्या कुंकवाच्या अंगाला चिकटून चालल्या होत्या.

चॅनेलमध्येच इलेक्ट्रोड ठेवून काम होत नाही असं नाही. १०० मायक्रोसेकंदांचे आखूड पल्स द्यायचे, प्रत्येक पल्सला दिशा उलटवायची, पाण्याची वाहकता कमी ठेवायची. मग वायू विरघळून जातो. पण त्यासाठी पल्स जनरेटर लागतो, काचेवर सोनं किंवा प्लॅटिनम चढवून घ्यावं लागतं, आणि पट्ट्या समोरासमोर नेमक्या बसवाव्या लागतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा मार्ग मी सुचवणार नाही.

माझा सल्ला एकच आहे: धातू चॅनेलमधून काढून टाका आणि चॅनेललाच काम करू द्या.

सोमेश्वरच्या धबधब्याशी उभं राहिलं की दिसतं, गोदावरीचं रुंद पात्र खडकांच्या खोबणीत शिरलं की तेच पाणी धावायला लागतं. विजेचंही तसंच. चॅनेलच्या दोन टोकांना तारा ठेवा आणि मध्ये एक अरुंद गळा करा. रुंद भागातून जेवढा प्रवाह जातो तेवढाच गळ्यातूनही जातो, पण जागा कमी, म्हणून क्षेत्र त्याच प्रमाणात वाढतं. पेशी सावकाश गळ्यापर्यंत येते, गळ्यात शिरताच तिच्यावर क्षेत्र चढतं, बाहेर पडताच उतरतं. पल्स जनरेटर नको, डीसी चालू ठेवायचा. पेशी गळ्यात किती वेळ राहिली, तेवढाच तिचा पल्स. ही युक्ती माझी नाही. वांग आणि लू यांनी २००६ मध्ये सस्तन पेशींवर ती छान दाखवली. त्याआधी १९९९ मध्ये बर्कलीला हुआंग आणि रुबिन्स्की यांनी एकेक पेशी बारीक भोकावर बसवून त्यातून जाणारा प्रवाह मोजला होता. पेशी उघडली की प्रवाह उडी मारतो, म्हणजे उघडली की नाही हे उपकरणच सांगतं. तुम्हाला त्याची गरज नाही, पण वाचण्यासारखं काम आहे.

तुमच्याच चॅनेलमध्ये आकडे घालून बघू. लांबी १ सेंटिमीटर, रुंदी २०० मायक्रॉन, मध्ये २५ मायक्रॉन रुंद आणि २०० मायक्रॉन लांब गळा. उंची सगळीकडे ५० मायक्रॉनच. रुंदी आठपट कमी, म्हणून गळ्यात क्षेत्र आठपट. टोकांना १५० व्होल्ट दिले तर त्यातले सुमारे २१ गळ्यावर पडतात, म्हणजे सेंटिमीटरला १.०५ किलोव्होल्ट. बाकीच्या लांब भागात फक्त ०.१३. एचईकेवर गळ्यात १.१ व्होल्ट पडतो, बाहेर ०.१४. गळ्याबाहेर पेशीला काही कळतही नाही. गळा लांब केला तर तो जास्त व्होल्ट खातो, पण क्षेत्र उलट थोडं घसरतं, कारण एकूण रोध वाढतो. क्षेत्र हवं तर गळा अरुंद करा, वेळ हवा तर लांब करा. हे दोन स्क्रू वेगळे आहेत, आणि विद्यार्थी दोन्ही एकाच वेळी फिरवतात.

गळा मात्र २५ पेक्षा अरुंद करू नका. एचईके पेशी १४-१५ मायक्रॉनची, दोन चिकटून आल्या तर गळ्यातच अडकतात. ४० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळून मगच पेशी सोडा. मला विचाराल तर चिपवरचे निम्मे प्रयोग विजेने फसत नाहीत, गुठळ्यांनी फसतात.

आता प्रवाह. सिरिंज पंप नसला तरी बिघडत नाही. मी तर म्हणेन, नसलेलाच बरा. सिरिंजमधून नळीने पाणी आत ढकललं की प्रवेशाचं भोक बंद होतं, मग तार तिथे ठेवायची तर बुडबुडे सरळ चॅनेलमध्ये ढकलले जातात. म्हणून पुष्कळ जण तार नळीच्या पलीकडच्या टोकाला, बाटलीत ठेवतात. तिथे दुसरा घोळ होतो. अर्ध्या मिलिमीटर आतल्या व्यासाची २० सेंटिमीटर नळी, त्यात कमी वाहकतेचा बफर (पीएच स्थिर राखणारं पाणी, कृती पुढे देते), म्हणजे एकट्या नळीचा रोध १० मेगाओहम. तुमच्या चिपचा अख्खा रोध त्याच बफरमध्ये ११. पॅकवर १५० दिसतात आणि निम्मे नळीनेच खाल्लेले असतात. एका ठिकाणी मी आठवडाभर पेशींना दोष देत बसले होते. क्युसेक आणि मारुतीमधला हा फरक.

सोपी युक्ती अशी. १ मिलिलिटरच्या इन्सुलिन नाही, साध्या ट्युबरक्युलिन सिरिंजचा दट्ट्या काढून टाका, नळकांडं चिपच्या भोकावर उभं करा, बुडाशी थोडं पीडीएमएस ओतून भाजून घ्या. दुसऱ्या टोकाला तसंच आखूड नळकांडं. एकीकडे पाणी ५ सेंटिमीटर उंच, दुसरीकडे बुडाशी. एवढ्या उंचीच्या फरकाने आत्ता हिशोब केलेल्या चॅनेलमधून मिनिटाला साधारण ३ मायक्रोलिटर वाहतं, म्हणजे पेशी गळ्यात ५ मिलिसेकंद राहते. २५ सेंटिमीटर उंची दिली तर १ मिलिसेकंद. दहा मिनिटांत जेमतेम ३० मायक्रोलिटर वाहतं, पातळी दोन मिलिमीटरही उतरत नाही, त्यामुळे वेग स्थिर राहतो. तार वरून पाण्यात सोडायची. बुडबुडे वरच्या वर उडून जातात, पेशी खाली असतात. नळकांडं रुंद, त्याचा रोध फार तर तीसेक किलोओहम, चिपपुढे तो व्होल्ट खात नाही. पेशी बुडाशी बसतात ही एक कटकट आहे. दर दोन-तीन मिनिटांनी पिपेटने हलक्या हाताने ढवळा.

हे मधल्या पेशींचं झालं. भिंतीजवळच्या पेशी हळू चालतात, त्या गळ्यात जास्त वेळ राहतात. त्यामुळे काही कमी उघडलेल्या, काही जास्त भाजलेल्या अशी सरमिसळ होणारच.

वीज कुठून आणायची? तुमच्या प्रयोगशाळेत ती आहे. जेल इलेक्ट्रोफोरेसिसचा (विजेने डीएनएचे तुकडे वेगळे करायच्या टाकीचा) पॉवर पॅक ३०० व्होल्टपर्यंत देतो. फक्त एक गोम आहे. चिपमधून जाणारा प्रवाह १३ मायक्रोअँपिअर, आणि बहुतेक पॅक मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह दिसला की तार तुटलीय असं समजून बंद होतात. पॅकच्या दोन टोकांमध्ये चिपला समांतर ३३ किलोओहमचा ५ वॅटचा रोधक लावा. १५० व्होल्टवर त्यातून साडेचार मिलिअँपिअर जातात आणि पॅक गप्प बसतो. चिपच्या वाटेत एकसर १०० किलोओहम घाला, म्हणजे कुठे पाणी सांडून शॉर्ट झालं तरी दीड मिलिअँपिअरच्या वर काही जाणार नाही. अंबडच्या स्विचगियर कारखान्यात तीस वर्षं काढलेले एक शेजारी ही जोडणी बघून म्हणाले, "ताई, दीडशे व्होल्टला घाबरत नाहीत म्हणूनच माणसं मरतात." त्यांचं ऐकून मी चिपवर ॲक्रिलिकचं झाकण बसवलं आणि झाकण उघडलं की वीज तुटेल असा स्विच लावला. तुम्हीही लावा.

तारांसाठी प्लॅटिनमच घ्या. तांब्याची तार विरघळून तांब्याचे आयन पेशींवर सोडते, स्टीलची गंजते. प्लॅटिनम विकत आणायला नको, प्रत्येक कॉलेजात एखादी तडा गेलेली जेलची टाकी कपाटावर धूळ खात पडलेली असते. तिची तार काढा.

बफरबद्दल. पीबीएस सोडून द्या. २५० मिलिमोलर सुक्रोज, १० मिलिमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवायला), १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. १०० मिलिलिटरला ८.६ ग्रॅम सुक्रोज. पीएच ७.४ ला आणून वाहकता मीटरवर मोजा, आणि ०.१ सीमेन्स प्रति मीटरच्या आसपास येईपर्यंत थोडं फॉस्फेट घाला. साखरेने परासरणाचा समतोल राहतो, पेशी फुगत नाहीत. घरातली साखर चालेल का, असं एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. निफाडची असो की कोल्हापूरची, चालणार नाही, प्रयोगशाळेच्या दर्जाचीच घ्या. या बफरमध्ये ५ मिलिसेकंदांत गळ्यातलं पाणी जेमतेम सव्वा अंश तापतं. पीबीएसमध्ये ते १८ अंश तापलं असतं. प्रवाह पंधरा पटींनी कमी, म्हणून वायू आणि पीएचचा बदलही तेवढाच कमी.

साखरेत पेशी फार वेळ ठेवू नका. अर्धा तास ठीक, त्यापुढे त्यांच्यातले आयन गळायला लागतात. गळ्यातून बाहेर आल्या की पाच-दहा मिनिटांत पोषक माध्यमात टाका.

छिद्रं बुजायला किती वेळ लागतो, हे तापमानावर आहे. ३७ अंशांना काही मिनिटं, थंडीत कितीतरी जास्त. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी साडेसातला प्रयोगशाळेत पारा १४-१५ असतो आणि दुपारी दोनला २८. सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळत नाहीत म्हणून कोणी तरी तुमच्याकडे येईल तेव्हा आधी हे विचारा. थंडीत छिद्रं उघडी राहतात, पेशी उघडली का हे बघायला घातलेला रंग जास्त आत जातो, आकडा छान दिसतो. पण आयनही गळतात, पाणी आत घुसतं आणि पेशी तासाभराने फुटते. मी बाहेर पडणाऱ्या पेशी थेट ३७ अंशांच्या माध्यमात घेते.

आत काय घालायचंय, त्यावरही बरंच ठरतं. प्रोपिडियम आयोडाइड या लाल चमकणाऱ्या रंगासारखा लहान रेणू छिद्रातून आपोआप आत झिरपतो. डीएनए तसा जात नाही. तो ऋणभारित, धन टोकाकडे ओढला जातो आणि वाटेत पेशीच्या ऋण टोकाकडच्या अंगाला चिकटतो. विजेच्या क्षणी तो पटलाला फक्त लागून बसतो, आत शिरायला पुढची काही मिनिटं घेतो. म्हणून डीएनएसाठी मिलिसेकंदांचा पल्स लागतो, मायक्रोसेकंदांचा नुसता पुरत नाही. आणि डीएनए आधीपासून पेशींबरोबर पाण्यात असला पाहिजे. पल्सनंतर घालून उपयोग नाही; दर वर्षी एक तरी विद्यार्थी ते करून बघतो.

उघडल्या हे ओळखायचं कसं? नुसता एक रंग घेऊन बसू नका. प्रोपिडियम आयोडाइड पाण्यात आधीच घातला आणि पेशी लाल दिसल्या, तर एवढंच कळतं की त्या कधीतरी उघडल्या. मेलेल्याही लालच दिसतात. म्हणून दोन वाट्या करा. एकीत रंग आधीपासून. दुसरीत पेशी गळ्यातून जाऊ द्या, १५ मिनिटं थांबा आणि मग रंग घाला. पहिलीत लाल आणि दुसरीत बिनरंगी, तर त्या उघडल्या आणि मिटल्या. दोन्हीत लाल, तर मेल्या. दोन्हीत बिनरंगी, तर उघडल्याच नाहीत, व्होल्ट वाढवा. तिसरी वाटी विसरू नका: वीज बंद ठेवून त्याच गळ्यातून त्याच वेगाने पेशी सोडायच्या. गळ्यातल्या घर्षणानेही पेशी फाटतात. मी शिकत होते तेव्हा एका चिपवर माझा यशाचा आकडा खूप चांगला आला होता, महिनाभर मी तो सगळ्यांना दाखवत हिंडले. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "वीज न देता किती आला?" तसं करून बघितलंच नव्हतं. करून बघितलं, तर निम्म्याहून जास्त पेशी विजेशिवायच लाल. तेव्हापासून तिसरी वाटी आधी.

व्होल्टेज एकदम १५० वर नेऊ नका. ६० वर सुरू करा, २०-२० ने वाढवा. प्रत्येक पायरीला तिन्ही वाट्या. १०० व्होल्टवर एचईकेच्या टोकावर ०.७ व्होल्टच्या पुढे पडायला लागतो, तिथे काहीतरी दिसलं पाहिजे. १५० लाही काही दिसलं नाही, तर पेशींना दोष देण्याआधी चिपमध्ये बुडबुडा अडकलाय का ते बघा. पीडीएमएस हवा धरून ठेवतं, म्हणून चॅनेल भरण्याआधी चिप अर्धा तास डेसिकेटरमध्ये निर्वातात ठेवा. मग पाणी आपोआप कोपऱ्यांत शिरतं.

एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण मीच विचारते. चिप कशाला? ४०० मायक्रोलिटर क्यूवेटमध्ये एकाच पल्समध्ये ४ लाख पेशी उघडतात. तुमच्या चिपमधून मिनिटाला ३ हजार जातात. फक्त प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं गोल डीएनए) घालून पेशी वाढवायच्या असतील तर क्यूवेट वापरा, चिपचा हट्ट सोडा. १९८२ मध्ये नॉयमान आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींत जनुक घातलं, ते असंच साध्या मोठ्या पात्रात, आणि आजही बहुतेक प्रयोगशाळांचं पोट क्यूवेटवरच भरतं. सिकलसेलवरचा जनुकसंपादनाचा पहिला उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजूर झाला, त्यात रुग्णाच्या रक्तजनक पेशींमध्ये क्रिस्पर (जनुक कापून बदलणारं साधन) विजेनेच घालतात, पण तिथे कोट्यवधी पेशी लागतात आणि मोठं प्रवाही यंत्र असतं. चिपची जागा वेगळी. नमुना फार थोडा असेल, पेशी एकेक बघायची असेल, किंवा सगळ्यांना सारखंच क्षेत्र मिळायला हवं असेल, तेव्हा. आणि उघडताना पेशीला सूक्ष्मदर्शकाखाली बघणं क्यूवेटमध्ये होतच नाही, तुमच्या विद्यार्थ्यांसाठी तेच मोठं कारण आहे.

साचा नव्याने करावा लागेल, कारण गळा जुन्यात नाही. मास्क (साच्यासाठीचा छापील आराखडा) काढताना गळ्याच्या दोन्ही तोंडांना काटकोन देऊ नका, तिरपा उतार द्या. काटकोनी कोपऱ्यावर क्षेत्र एकवटतं आणि पेशीही तिथेच अडकतात. एकाच साच्यावर २५, ३५ आणि ५० मायक्रॉनचे तीन गळे काढा, खर्च तेवढाच येतो.

माझ्याकडे फुटलेल्या टाकीतली वीतभर प्लॅटिनमची तार आहे. गंगापूर रोडला येणं झालं तर घेऊन जा, आणि तिसऱ्या वाटीचे आकडे घेऊनच या.